मोटारींतील प्लॅस्टिकची टाकी

मे महिन्यांतील दुपार, घाटाची अवघड चढण आणि वळणावर बॉनेट उघडून उभी असलेली मोटार! एके काळीं हें दृश्य इतकें परिचयाचें होतें, कीं त्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नसे. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटांत रेडिएटरमधून वाफेचा लोट निघाला, म्हणजे मंडळी खालीं उतरत. कोणी तरी डबा घेऊन पाण्याच्या शोधास जाई. इंजिन निवेपर्यंत झाडाच्या सावलींत दशम्या सोडल्या जात. मग रेडिएटरमध्यें पाणी ओतून प्रवास पुढें चालू होई. या प्रकारांत गाडीचें फारसें बिघडत नसे. तांब्या-पितळेचा जाड रेडिएटर, ओतीव लोखंडाचें इंजिन आणि आंतील दाब बेताचा, अशी ती रचना होती. तिला उकळणें सोसत असे.

आजची मोटार सहसा उकळत नाहीं. पण उकळली, तर तिला तें सोसत नाहीं. इंजिनाचा वरचा भाग, ज्यास कारागीर ‘हेड’ म्हणतात, तो आतां बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. मर्यादेपलीकडे तापला, कीं तो वांकतो. मग डबाभर पाणी ओतून भागत नाहीं. आणि अशा प्रसंगाचें मूळ शोधूं गेल्यास कैक वेळां तें इंजिनांत सांपडत नाहीं. तें एका शेजारच्या, दिसावयास अगदीं क्षुल्लक अशा प्लॅस्टिकच्या टाकींत सांपडतें.

बॉनेट उघडलें, म्हणजे ही टाकी चटकन् दिसते. नारळाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी, पांढुरकी, अर्धपारदर्शक. आंत हिरवा, गुलाबी किंवा निळा द्रव. बाहेरच्या अंगास किमान आणि कमाल अशा दोन रेषा. जवळपास कांच धुण्याच्या पाण्याचीही एक टाकी असते, आणि घाईघाईनें या दोहोंची अदलाबदल करणारे लोक विरळा नाहींत. म्हणून झांकणावरील चिन्ह पाहूनच हात घालावा.

येथें एक भेद प्रथम ध्यानीं घेतला पाहिजे. १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या मारुति ८०० सारख्या मोटारींत दाबाचें झांकण रेडिएटरवरच असतें. बाजूची प्लॅस्टिकची बाटली ही केवळ ओसंडलेलें पाणी धरून ठेवण्यापुरती. तिच्यांत हवेचा मोकळा संचार असतो, तिच्यावर दाब मुळींच पडत नाहीं. तिला तडा गेला, तर पाणी सांडेल, एवढेंच. दुसरा प्रकार युरोपीय धर्तीच्या मोटारींचा. फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट, फोर्ड यांच्या अनेक गाड्यांच्या रेडिएटरवर झांकणच नसतें. तेथें टाकी ही शीतकाच्या फेऱ्याचाच एक भाग असते आणि दाबाचें झांकण तिच्याच गळ्यावर आट्यांनीं बसविलेलें असतें. इंजिनांत जो दाब, तोच टाकींत. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रकाराविषयीं आहे. पहिल्या प्रकारच्या मोटारीच्या मालकानें या कामीं पैसे खर्चण्याचें कारण नाहीं.

मुळांत दाब हवा कशाला? याचें उत्तर प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरांत आहे. उघड्या पातेल्यांत पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळतें, आणि महाबळेश्वरासारख्या सुमारें १,३५० मीटर उंचीच्या ठिकाणीं ९५ अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. पण तेंच पाणी कुकरांत घालून झांकण लावलें आणि दाब एका वातावरणानें वाढूं दिला, कीं तें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. मोटारीच्या रचनाकारांनीं हीच युक्ति वापरली आहे. इंजिन ९० ते १०५ अंशांच्या दरम्यान चाललें, तर इंधन नीट जळतें. तेव्हां त्या उष्णमानास आंतील द्रव उकळूं नये, म्हणून एक तर त्यांत ग्लायकॉल मिसळावयाचें आणि दुसरें म्हणजे तो दाबाखालीं ठेवावयाचा. टाकीच्या झांकणावर १.१, १.४, १.५ असे जे आंकडे असतात, ते या दाबाचे. ‘बार’ हें त्याचें माप, आणि एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण. १.४ बारच्या झांकणाखालीं हा मिश्र द्रव १२५ अंशांच्याही पुढें जाईपर्यंत शांत राहतो.

म्हणजे बॉनेटखालीं एक कुकरच आहे! फरक इतकाच, कीं स्वयंपाकघरांतला कुकर धातूचा असतो आणि हा प्लॅस्टिकचा. गृहिणी आपल्या कुकरची रबरी चकती ढिली पडली कीं बदलते, सुरक्षा-झडप जुनी झाली कीं नवी बसविते. ती फुटेपर्यंत वाट पाहत नाहीं. त्याच घरांतील गृहस्थ मात्र बॉनेटखालच्या कुकरकडे दहा-दहा वर्षें ढुंकून पाहत नाहीं.

दाबाचा बोजा किती, याचा हिशेब शाळकरी मुलासही करतां येईल. १.४ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें १.४ किलोग्रॅमचा भार. टाकीची एक बाजू दहा सेंटिमीटर लांब व दहा सेंटिमीटर रुंद धरली, तर तिच्यावर १४० किलोग्रॅमचा भार आंतून बाहेर ढकलीत असतो. दोन धडधाकट माणसें त्या भिंतीवर उभीं राहिल्यासारखेंच तें आहे. प्रत्यक्षांत दाब नेहमींच शिगेस पोंचतो असें नाहीं. पण तापणें आणि निवणें हें रोजचेंच. सहा-सात लिटर द्रव २० अंशांवरून ९५ अंशांवर गेला, कीं त्याचें आकारमान पाव लिटराहून अधिक वाढतें. ती वाढ सामावून घेण्यासाठींच टाकींत वरती हवेची पोकळी राखलेली असते. गाडी निवली, कीं तो आकसतो आणि झांकणांतील दुसरी, उलट्या दिशेची झडप थोडी हवा आंत घेते. सकाळीं कचेरीस जाणें व सायंकाळीं परतणें, एवढाच प्रवास धरला, तरी वर्षास सातशें वेळां ही टाकी फुगते आणि बसते. दहा वर्षांत सात हजार वेळां.

आतां या टाकीच्या द्रव्याकडे वळूं. तें बहुधा पॉलिप्रॉपिलीन असतें. कांहीं मोटारींत कांचतंतु मिसळलेलें नायलॉन असतें. नायलॉन हें १९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञानें सिद्ध केलें. आज वापरांत असलेलें स्फटिकी पॉलिप्रॉपिलीन १९५४ सालीं इटलींत जुलिओ नाट्टा यानें तयार केलें, आणि १९६३ सालीं त्यास कार्ल झीग्लर याच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. हीं द्रव्यें निवडण्यांत कारखानदारांनीं केवळ काटकसर पाहिली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांस गंज चढत नाहीं; तीं हलकीं असतात; इंजिनाच्या अडचणीच्या जागेंत बसेल असा वेडावांकडा आकार त्यांस देतां येतो; आणि पॉलिप्रॉपिलीनमधून पाण्याची पातळी बाहेरूनच दिसते. पत्र्याच्या टाकीस यांपैकीं पुष्कळसें साधत नाहीं.

परंतु प्लॅस्टिक म्हातारें होतें. त्याचे रेणु म्हणजे लांबच लांब सांखळ्या. एकमेकींत गुंतलेल्या या सांखळ्यांमुळें तें लवचिक व चिवट राहतें. उष्णता आणि हवेंतील प्राणवायु मिळून या सांखळ्या हळूहळू तोडीत असतात. कारखान्यांत प्लॅस्टिक बनवितांना हा मारा थोपविणारीं द्रव्यें त्यांत मिसळतात खरीं. पण तीं स्वतः खर्च होत जातात, आणि एकदां संपलीं, कीं मग ऱ्हास झपाट्यानें होतो. नायलॉनच्या बाबतींत गरम पाणी व ग्लायकॉल हींही त्याच्या सांखळ्यांवर हल्ला करतात. रसायनशास्त्रांत एक स्थूल नियम आहे, कीं उष्णमान दहा अंशांनीं वाढलें, तर रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यावरून आपल्याकडील उन्हाळा आणि शहरांतील रेंगाळणारी वाहतूक या टाकीस किती भोंवत असेल, तें ताडावें. गाडी उभी करून इंजिन बंद केल्यावरही सुटका नाहीं. वाऱ्याचा झोत थांबतो आणि बॉनेटखालील उष्णता कांहीं वेळ उलट चढतच असते. म्हणून केवळ किलोमीटरचा आंकडा पाहून टाकीचें वय ठरविणें फसवें आहे. थोडी चाललेली, पण बारा वर्षांची गाडी या बाबतींत म्हातारीच समजावी.

टाकी दोन अर्ध्या भागांची असते. ते तापवून, एकमेकांवर दाबून सांधलेले असतात. पहिली दुर्बल जागा हा सांधा. दुसरी, जेथून नळ्या निघतात त्या तोट्यांचीं मुळें. आणि तिसरी, झांकणाचा गळा, ज्यावर आटे पिळण्याचा ताण पडतो. या ठिकाणीं प्रथम केंसासारखी बारीक रेघ पडते. गाडी थंड असतां ती मिटलेली असते, तापली म्हणजे उघडते. त्यामुळें द्रव थेंबथेंबसुद्धां खालीं पडत नाहीं, गरम अंगावर जागच्या जागीं वाळून जातो. मागें राहतो तो पांढुरका किंवा गुलाबी-हिरवा क्षार. मालकास एवढेंच दिसतें, कीं महिन्यापूर्वीं कमाल रेषेवर असलेली पातळी आतां बोटभर खालीं गेली आहे. तो थोडें पाणी घालतो आणि विसरतो. सारी गोम या विसरण्यांत आहे.

कारण ही रेघ पुढें कोणत्या दिवशीं फाटेल, तें कोणासही सांगतां येत नाहीं. पण कोणत्या प्रसंगीं फाटेल, तें सांगतां येतें. ज्या वेळीं दाब सर्वांत अधिक असतो, त्या वेळीं! भरलेली गाडी, वर बांधलेलें सामान, चालू असलेलें वातानुकूलन, चढण आणि उन्हाळा हीं सारीं एकत्र आलीं, कीं दाब शिगेस पोंचतो. घरापासून दूर, घाटांत, मुलेंमाणसें बरोबर असतांना टाकी फुटावी, हा दैवाचा खेळ नव्हे. तो या यंत्राचा स्वभावच आहे.

फुटल्यावर काय होतें? दाब क्षणांत नाहींसा होतो. जो द्रव दाबाखालीं शांत होता, तो तत्काळ खदखदूं लागतो आणि वाफेसह बाहेर पडतो. इंजिनाच्या हेडमध्यें पाण्याऐवजीं वाफेच्या पोकळ्या होतात. वाफेस पाण्याप्रमाणें उष्णता वाहून नेतां येत नाहीं. येथें आणखी एक फसवणूक होते. उष्णमान मोजणारें उपकरण पाण्यांत बुडलेलें असावें, अशी योजना असते. पाणीच निघून गेलें, तर तें वाफेंत लोंबकळत राहतें आणि खरें उष्णमान दाखवीत नाहीं. कित्येकदां सुई उलट खालीं येते! शिवाय पुष्कळ नव्या मोटारींत सुई मुद्दाम मध्यावर स्थिर राहील अशी केलेली असते, लहानसहान चढउतार ती दाखवीतच नाहीं. आणि कांहींत तर सुई नसून नुसता लाल दिवा असतो. ‘पुढच्या पेट्रोल-पंपापर्यंत जाऊं’ असें म्हणून चालक दोन-तीन किलोमीटर गाडी रेटतो. तेवढ्यांत हेड वांकतें, त्याखालची गॅस्केट जळते, पाणी तेलांत उतरतें आणि तेलाचा रंग दुधाळ कॉफीसारखा होतो. जो खर्च कांहीं शें किंवा दोन-तीन हजार रुपयांत भागला असता, तो मग अनेक हजारांच्या घरांत जातो. पैशाची गोष्ट तरी सोडून द्यावी. पण मुंबई-पुणें द्रुतगति मार्गाच्या घाटभागांत अवजड वाहनांच्या रांगेंत एकाएकीं थांबलेली मोटार ही आंत बसलेल्यांच्या जिवाशीं गांठ असते. तेथें झाडाची सावली आणि दशम्या नाहींत.

असा प्रसंग ओढवलाच, तर गाडी पहिल्या सुरक्षित जागीं घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें, माणसांना उतरवून रस्त्याच्या कडेपासून दूर उभें करावें, आणि झांकणास तासभर तरी हात लावूं नये. उकळता द्रव तोंडावर उडून भाजल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

या विषयांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनींतील आहे. बी. एम. डब्ल्यू. कंपनीची ‘ई ४६’ या नांवानें ओळखली जाणारी मोटार १९९८ सालीं बाजारांत आली. चालविण्यास ती इतकी सुरेख, कीं तिचे चाहते आजही ती जपून ठेवतात. परंतु तिच्या रेडिएटरच्या कडेस बसविलेली काळी प्लॅस्टिकची टाकी तडकण्याबद्दल कुप्रसिद्ध ठरली. तिच्या झांकणावर पुष्कळदां २०० हा आंकडा असतो, म्हणजे दोन बार! आणि टाकी काळी असल्यामुळें पातळी बाहेरून दिसत नाहीं. झांकण उघडून तरंगणारी काडी पाहावी लागते. अमेरिकेंतील व इंग्लंडांतील या गाडीचे जाणते मालक आतां टाकी फुटण्याची वाट पाहत नाहींत. ठराविक वर्षांनीं टाकी, झांकण, नळ्या आणि पाण्याचा पंप हीं सारीं एकदमच बदलून टाकण्याची त्यांच्यांत रूढिच पडली आहे. एरवीं निर्दोष अशा यंत्राच्या अभियंत्यांकडूनही अशी एक बाजू लंगडी राहावी, ही गंमत खरी.

यावर व्यवहारी माणूस विचारील, कीं जें बिघडलें नाहीं, त्यास हात कां लावावा? प्रश्न रास्त आहे. गाडींतील प्रत्येक जुना भाग भीतीपोटीं बदलीत सुटणें हा शुद्ध मूर्खपणा होय. ब्रेकची पट्टी झिजतांना कुरकुरते, बॅटरी मरण्यापूर्वीं सुस्तावते. त्यांस थोडें थांबतां येतें. बदलाचा विचार तेथेंच करावा, जेथें भाग स्वस्त आहे, त्याच्या नाशानें होणारी हानि मोठी आहे आणि तो पूर्वसूचना पुरेशी देत नाहीं. ही टाकी तिन्ही कसोट्यांस उतरते. तरीसुद्धां सहा वर्षांची, स्वच्छ, पारदर्शक टाकी काढून फेकण्यास सांगणारा मिस्त्री भेटला, तर त्याचा सल्ला ऐकून घ्यावा आणि घरीं यावें. आठ-दहा वर्षें झालीं, प्लॅस्टिक गर्द पिंवळें किंवा तपकिरी पडलें, सांध्याशीं क्षार दिसला, पातळी विनाकारण उतरूं लागली किंवा इंजिनाजवळ गोडसर वास येऊं लागला, तर मात्र चालढकल करूं नये. पिंवळेपणा एकटा असेल, तर तो वयाचा दाखला समजावा. क्षार हा तड्याचा दाखला.

टाकी घेतांना गाडीच्या कारखान्याची, किंवा त्या कारखान्यास माल पुरविणाऱ्याची घ्यावी. बाजारांतील निव्वळ नक्कल ही पातळ भिंतीची आणि कच्च्या सांध्याची निघाली, तर जुनी चांगली टाकी काढून नवी वाईट बसविल्यासारखें होतें. झांकण त्याच वेळीं नवें घ्यावें, आणि त्यावरील आंकडा मूळच्याइतकाच असावा. ‘जास्त दाबाचें अधिक चांगलें’ या समजुतीनें १.१ च्या जागीं १.५ बसविणें म्हणजे बाकीच्या सर्व जुन्या नळ्यांवर नवा बोजा लादणें होय. झांकणाची झडप चिकटून बसली, तर नव्या टाकीचीही धडगत नसते.

काम इंजिन पूर्ण थंड असतांनाच करावयाचें. द्रव टाकीच्या खालच्या पातळीपर्यंत काढून घेतात, नळ्यांचे स्प्रिंगचे चाप सरकवून नळ्या सोडवितात, पातळी दाखविणाऱ्या उपकरणाची तार असल्यास ती काढून टाकी उचलतात. येथें घाई नडते. टाकी जितकी जुनी, तितकीच तिच्या शेजारची रेडिएटरची प्लॅस्टिकची तोटीही जुनी असते. नळी हिसडून ओढली, कीं ती तोटी हातांत येते. घट्ट बसलेली नळी ओढण्यापूर्वीं हलकेच गोल फिरवून मोकळी करावी. नळी फुगलेली, तडकलेली किंवा दाबल्यावर कुरकुर वाजणारी असेल, तर तीही बदलावी.

पुन्हां भरतांना गाडीच्या पुस्तकांत सांगितलेल्याच प्रकारचा द्रव घ्यावा. हिरवा तो अमुक आणि गुलाबी तो तमुक, असा भरंवसा रंगावर ठेवतां येत नाहीं; निरनिराळ्या कंपन्या रंग आपल्या मर्जीनें घालतात, आणि न जुळणारे दोन प्रकार एकत्र झाले, तर आंत गाळ धरण्याचा संभव असतो. पातळ करावयाचा झाल्यास ऊर्ध्वपातित पाणी वापरावें. विहिरीचें किंवा कूपनलिकेचें जड पाणी आंत क्षाराचे थर बसवितें. मग राहते ती हवा. फेऱ्यांत अडकलेली हवा बाहेर काढण्यास कांहीं गाड्यांत लहानसा स्क्रू असतो. उबेची कळ पूर्ण उष्णतेकडे ठेवून इंजिन चालवावें, आणि गाडी निवल्यावर पातळी पाहून भर घालावी. अर्धवट हवा राहिली, तर नवी टाकी असूनही इंजिन तापतें, आणि दोष बिचाऱ्या टाकीच्या माथीं येतो.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. उद्यां सकाळीं कोंकणांत निघावयाचें, म्हणून आज सायंकाळीं टाकी बदलून घेणें शहाणपणाचें नव्हे. नव्या भागांतील उणीव आणि बसविण्यांतील चूक हीं बहुधा पहिल्या कांहीं दिवसांतच उघडकीस येतात. प्रवासापूर्वीं दोन-तीन आठवडे काम उरकावें, तेवढे दिवस गाडी गांवांतच फिरवावी, आणि रोज सकाळीं, इंजिन सुरू करण्यापूर्वीं, पातळीवर एक नजर टाकावी. ती आठवडाभर जागची हलली नाहीं, म्हणजे सामान बांधण्यास हरकत नाहीं.

काढलेला द्रव गटारांत किंवा अंगणांत ओतूं नये. ग्लायकॉल चवीस गोड असतें आणि विषारीही असतें. कुत्रीं-मांजरें तें आवडीनें चाटतात आणि प्राणांस मुकतात, व लहान मुलांनाही त्याचा मोह पडूं शकतो. बंद डब्यांत भरून, वर नांव लिहून तें गॅरेजवाल्याच्या हवालीं करावें. जुनी टाकी मात्र घरीं आणण्यास हरकत नाहीं. ती नीट धुवून करवतीनें मधोमध कापली, तर सांध्याच्या आंतील कडेस, बाहेरून कधींच न दिसलेली एखादी करडी रेघ बरेच वेळां पाहावयास मिळते. भिंतीच्या जाडींतून ती किती आंत उतरली होती, तें पट्टीनें मोजतां येतें.